शंभरातले शंभर

"आमच्याकडे पगारावर एक रुपयाही जात नाही, कंपनीने दिलेले शंभरातले शंभर रुपये थेट गरजूंपर्यंत पोचतात." संस्थांच्या आवाहनांत, अहवालांत, सत्काराच्या बातम्यांत हे वाक्य इतक्यांदा येतं की आता ते दिसलं तरी डोकं उठतं. त्यावर रंगणारा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, कंपनीचा पैसा घेतला की संस्था मिंधी झाली. दुसरी म्हणते, पैसा जरूर घ्या, पण पगाराला आणि ऑफिसच्या भाड्याला त्यातली दमडी लावू नका. दोघांची नजर चेकवर. चेकखेरीज कंपनीकडून काही घेण्यासारखं असतं, हे कोणाच्या गावीच नाही.

शंभर रुपयांची औषधं पाड्यावर न्यायची तर गाडी लागते, चालक लागतो, मुदत संपलेली पाकिटं बाजूला काढणारा माणूस लागतो. त्यांचे पगार कोणीतरी देतंच. ते दुसऱ्या प्रकल्पातून वळवलेले असतात, नाहीतर कार्यकर्त्याच्या बायकोच्या नोकरीवर घर चाललेलं असतं. अहवालात ते दिसत नाही, एवढंच.

पगार दाखवता येत नाहीत याचं खापर कायद्यावर फोडणाऱ्यांनी कायदा एकदा वाचावा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून: आदल्या वर्षी नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी रेषा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारापुरती. ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च त्यात धरत नाहीत, असं व्याख्येतच लिहिलंय. म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. तरी कराराच्या टेबलावर संस्थेला ऐकवलं जातं, "पाचच्या वर काही दाखवू नका." मग हिशेबनिसाचा पगार 'प्रशिक्षण' या खात्यात घुसतो आणि प्रामाणिक माणसं खोटं लिहायला शिकतात.

मार्चअखेर पैसे संपवण्याची घाईही तशीच. ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं की संस्थेला नुसते पैसे दिले म्हणजे खर्च झाला असं नाही. संस्थेने ते वापरले तरच खर्च. झालं, फेब्रुवारीत रक्कम येते आणि ३१ मार्चच्या आत सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे वापरल्याचा दाखला, मागतात. सहा आठवड्यांत विकत घेऊन बसवता येईल असं काय असतं? शाळेत पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र. फीत कापली जाते, फोटो निघतो. यंत्रात पाणी शिरताना लागणारा पहिला फिल्टर काही महिन्यांत तुंबतो, पाणी क्षारट असेल तर क्षार अडवणारं मेम्ब्रेन लवकर जातं, त्यात वीजबिल वेगळं. देखभालीची तरतूद नसली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या यंत्रावर खडूचे डबे ठेवलेले. खरं तर संचालक मंडळाने काम 'चालू प्रकल्प' म्हणून आधीच मंजूर केलं, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत न खर्चलेल्या पैशांच्या वेगळ्या 'अनस्पेंट' खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. एका ठरावाचं काम. तो ठराव करायला संस्थेने ऑक्टोबरातच सांगायला हवं, आणि संस्था देणगीदाराला दुखवायला घाबरते.

इथे ब्रिटनमध्ये २ टक्क्यांची सक्ती नाही आणि पुष्कळ कंपन्या काहीच देत नाहीत, हे आधीच कबूल. पण जिथे जमलंय तिथे काय जमलंय ते पाहा. बेघरांसाठी काम करणारी क्रायसिस ही संस्था आणि सेन्सबरीज यांनी १९९४ मध्ये फेअरशेअर सुरू केली. सुपरमार्केटचं उरलेलं अन्न ती संस्थांकडे पोचवते. यात कामाची गोष्ट कोठाराची आणि गाड्यांची. पाकिटावर 'यूज बाय' तारीख असेल तर ती उलटल्यावर अन्न देता येत नाही. 'बेस्ट बिफोर' असेल तर देता येतं. म्हणून माल दुकानातच वेळेत वेगळा काढावा लागतो, आणि थंड माल गाडीतही थंडच राहावा लागतो. फसतं ते इथेच: पावाचे ढीग येतात, डाळ-अंडी येत नाहीत, किंवा उद्या संपणाऱ्या दह्याचे चाळीस खोके आज संध्याकाळी दारात. हे सुटतं ते कंपनीच्या मालवाटप विभागातला माणूस रोज फोन उचलतो तेव्हा. त्या माणसाचा वेळ कोणत्याही चेकपेक्षा महाग.

आपल्याकडे नेमकं हेच मोजत नाहीत. वस्तुरूप मदत किंवा कर्मचाऱ्यांनी दिलेले तास रुपयांत मांडून सीएसआर खर्चात धरता येत नाहीत. गाडी, कोठार, लेखापाल, वकील यांचं मोल शून्य. म्हणून कंपनी तीस जणांना शाळेची भिंत रंगवायला पाठवते, गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने रंगवलेलीच. त्यातल्या दोघांनी दोन शनिवार बसून संस्थेचं खरेदीचं रजिस्टर नीट लावून दिलं असतं तर!

मिंधेपणाच्या भीतीवर उतारा आहे: कागद. 'विक्रीतला काही भाग समाजकार्याला' एवढं मालावर लिहून इथे इंग्लंडमध्ये भागत नाही. १९९२ च्या कायद्याप्रमाणे संस्थेशी लेखी करार लागतो आणि ग्राहकाला कोणत्या संस्थेला किती मिळणार ते सांगावं लागतं. आपल्या करारांत हप्ते आणि लोगो असतात; कंपनीने मध्येच हात काढला तर चालू महिन्यांचे पगार कोण देणार, मुलांचे फोटो कोणाच्या परवानगीने छापणार, हे सहसा नसतं. कागद असूनही घसरतात म्हणा. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एज यूकेने ई.ऑनची वीजयोजना आपल्या नावाने पुढे केली, फेब्रुवारी २०१६ मध्ये ओरड झाली आणि ती भागीदारी थांबवावी लागली. इथलं सगळं सोन्याचं आहे असं म्हणायचं नाहीये. तसा वास या लेखाला येत असेल, तर तो लांब राहिल्याचा दोष.

लांब म्हणजे किती, तेही कायद्यात आहे. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत परदेशातल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी देशी. पासपोर्ट बदलला की माझ्यासारख्या ओसीआय कार्डवाल्याची, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाची, तीच रक्कम 'विदेशी अंशदान', म्हणजे परदेशी देणगी. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरायला हवा. गावाकडच्या ज्या छोट्या संस्थांवरून मी इतका तावातावाने भांडतोय, त्यांच्यापैकी कितीजणींकडे हे असणार? माझे शंभर पौंड त्यांना परत पाठवावे लागतील. ज्या कंपनीच्या पैशाला तिकडे परका म्हणून नाकं मुरडतात, तो मात्र घरचा.