कॉर्ड ओळखायला परफेक्ट पिच लागतो म्हणे!

गिटार-कीबोर्ड शिकणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: गाण्यातल्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, नुसत्या ऐकून ओळखणं ही परफेक्ट पिचवाल्यांची जन्मजात देणगी आहे. तो नसेल तर आधी कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा. तेही जमेना तर ‘मेजर आनंदी, मायनर उदास’ एवढ्यावर भागवा, आणि रोज अ‍ॅपवर सुट्या कॉर्ड्स ऐकून नावं सांगत राहा. चारही मुद्दे शिकणाऱ्याला चकवणारे आहेत.

पहिला मुद्दा. कसलाही आधार नसताना कानावर पडलेला सूर पांढरी दोन की काळी तीन, हे सांगता येणं म्हणजे परफेक्ट पिच. तो फार थोड्यांकडे असतो आणि लहानपणीच संगीत सुरू केलेल्यांत जास्त आढळतो, हे खरं. पण कॉर्डची ओळख असते सुरांमधल्या अंतरांत. सा-ग-प ही मेजर कॉर्ड: खालून चार सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), मग तीन. गंधार कोमल केला की मायनर: तीन, मग चार. पट्टी कुठलीही घ्या, ही अंतरं हलत नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीतला ‘ए’ हा सूर म्हणजे ४४० हर्ट्झ हे आज प्रमाण मानलं जातं, पण बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय) संगीत वाजवणारे बरेच जण वाद्यं ४१५ ला, म्हणजे जवळपास एक सेमीटोन खाली लावतात. त्यामुळे मेजरची मायनर होत नाही. परफेक्ट पिचवाल्याला पट्टीचं नाव लगेच कळतं. बाकीच्यांना त्यासाठी वाद्यावर एक सूर वाजवून बघावा लागतो, एवढंच.

दुसरा मुद्दा ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतो. गिटारवरची साधी ओपन ‘जी’ घ्या. सहा तारा वाजतात, पण सूर तीनच: जी तीनदा, बी दोनदा, डी एकदा. सहाही तारा वेगळ्या काढत बसलात तर तोवर गाणं पुढे गेलेलं असतं. आधी एकूण रंग आणि सगळ्यात खालचा सूर, म्हणजे बेस, पकडावा. अर्थात बेसवरही डोळे झाकून विसंबू नये. बेसला ग असेल तर ती ग-प-नी असू शकते, किंवा उलटवलेली, म्हणजे सा ऐवजी ग तळाला ठेवलेली, सा-ग-प.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. नाचायला लावणारी कितीतरी गाणी मायनरमध्ये आहेत आणि मेजरमध्ये विरहगीतंही आहेत. मेजरमधल्या गाण्यात मधेच ध-सा-ग येते. तीही मायनरच, पण तिथे कुणी डोळे पुसत नाही.

चौथ्या मुद्द्यात मात्र शिकणाऱ्यांचा खरा वेळ वाया जातो. सुट्या कॉर्डचा प्रकार ओळखण्याचा सराव वाईट नाही, पण गाण्यात प्रश्न निराळा असतो: षड्जाच्या हिशेबाने ही कॉर्ड कुठली? ‘सी सिक्स्थ’ आणि ‘ए मायनर सेव्हन्थ’ या दोन्हींत सी, ई, जी, ए हेच चार सूर आहेत. त्यातली कुठली, हे बेस आणि मागच्यापुढच्या कॉर्ड्स ठरवतात. सुट्या कॉर्डला मागचंपुढचं काही नसतंच.

त्यापेक्षा गाण्याचा सा धरा आणि प्रत्येक कॉर्डवर तोच गुणगुणत राहा. मेजरमधल्या नेहमीच्या सहा कॉर्ड्सपैकी सा-ग-प, म-ध-सा आणि ध-सा-ग यांत सा आहे; रे-म-ध, ग-प-नी आणि प-नी-रे यांत नाही. पहिल्या तिघींवर सा निवांत बसतो. प-नी-रे वर तो लोंबकळतो, ग-प-नी वर चक्क खटकतो. रे-म-ध वर फसगत होते, कारण तिथे सा मिसळला की गोड सेव्हन्थ, म्हणजे चार सुरांची कॉर्ड, बनते. तिथे बेसचा रे ऐकावा. बेसला ग असण्याचा मघाचा पेचही असाच सुटतो: सा बसला तर उलटवलेली सा-ग-प, खटकला तर ग-प-नी. प-नी-रे मध्ये म मिसळलेला असेल तर काम आणखी सोपं. नी वर सा कडे ओढतो, म खाली ग कडे. दोन्ही एकदा गाऊन बघा.

ही युक्ती सगळीकडे पुरत नाही. जॅझमध्ये कॉर्डवर जादा सूर चढवलेले असतात आणि सा स्वतःच मधेच जागा बदलतो. तिथे आधी नवा सा कुठे गेला ते शोधावं लागतं.