इसबासाठी खाऊची पाकिटं बंद केलीत, चांगलं केलंत. पण क्रीम का बंद केलंत?

परवा गोव्यात डिचोलीला एका बारशाला गेले होते. शेजारी एक तरुण आई बसली होती, मांडीवर दोन वर्षांची मुलगी. मुलीच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसबाचे (एक्झिमाचे) लाल, खरखरीत, ओरबाडलेले चट्टे. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, बिस्किटं, चिप्स सगळं बंद केलंय. दूध, अंडं, मासेही बंद. तरी जात नाही." क्रीम कुठलं लावतेस, असं विचारलं, तर म्हणाली, "ते स्टेरॉइडचं होतं म्हणून सोडलं. मूळ पोटात आहे ना."

घरी येईपर्यंत तिचे शब्द कानात होते. सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच बोलत होते.

माझ्या मुलाला सातव्या महिन्यात इसब सुरू झालं. आधी गालांवर, मग हातापायांच्या सांध्यांत. एप्रिल-मेच्या घामाने तर आग आग व्हायची. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. तो तीन वर्षांचा असताना कुणीतरी व्हिडिओ पाठवला, पाकिटातलं खाणं हेच इसबाचं मूळ म्हणून. मला लगेच पटलं. नोकरीवरून आल्यावर त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन मी स्वयंपाकाला लागायचे, ते मनाला आधीपासून लागून होतंच. एका दिवसात पाकिटं गेली, त्यांच्या मागोमाग दूध, अंडं, बांगडा, गहू. क्रीमही गेलं. पाच महिन्यांनी वजन केलं तर पोर अर्धा किलो उतरलेलं, आणि कातडी होती तशीच.

म्हणून आज हे लिहितेय. पाकिटांचा आणि इसबाचा संबंध कुणी मनाने रचलेला नाही. 'इसाक' नावाच्या जागतिक पाहणीचे निष्कर्ष 2013 साली आले. 13-14 वर्षांची तीन लाखांहून जास्त मुलं, 51 देश. आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत तीव्र दमा, नाकाडोळ्यांची ॲलर्जी आणि तीव्र इसब जास्त आढळलं. फळं वरचेवर खाणाऱ्यांत दम्यासारखे त्रास कमी दिसले. पण ही प्रश्नावलीवरची पाहणी होती. ज्या घरात फास्ट फूड जास्त, त्या घरात बाकीही बरंच वेगळं असतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढंच त्यातून कळतं. पाकीट बंद केलं की इसब जातं, असं त्या पाहणीने म्हटलेलं नाही.

इसबाची सुरुवात बऱ्याचदा कातडीतच असते. फिलाग्रिन नावाचं प्रथिन कातडीचा बांध धरून ठेवतं. त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका वाढतो, हे 2006 साली समोर आलं. बांध फुटका असला की पाणी उडून जातं आणि बाहेरचं आत शिरतं. अन्नाची ॲलर्जीसुद्धा अनेकदा या फुटक्या कातडीतूनच जडते, म्हणजे आधी इसब आणि मग ॲलर्जी. 2015 सालच्या 'लीप' अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या मुलांना लवकर, देखरेखीखाली शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली. उलट, खात असलेलं अन्न इसबाच्या मुलाचं महिनोन् महिने तोडलं, तर पुन्हा देताना जोराची ॲलर्जी उठू शकते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं ही खरी ॲलर्जीची लक्षणं. ती दिसली तर डॉक्टर गाठाच. पण नुसत्या चट्ट्यांवरून ताट रिकामं करू नका.

आणि स्टेरॉइडची भीती. ती आली कुठून, हे मला समजतं. आपल्याकडे गजकर्णावर दुकानातून परस्पर आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं महिनोन् महिने फासून लोकांनी कातडी खराब करून घेतली आहे. डॉक्टरांनी मुलाच्या वयाला आणि जागेला बघून दिलेलं, ठरलेले दिवस लावायचं क्रीम ही वेगळी गोष्ट. आमच्या डॉक्टरीणबाईंनी माप दाखवलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेराएवढं क्रीम त्याच माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मी तोवर मुगाएवढं लावत होते. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर, तेही भरपूर. दहाव्या रात्री पोर सलग झोपलं. मी मात्र सवयीने जागीच.

पाकिटं आमच्या घरात आजही जवळजवळ नाहीत, पण ते दातांसाठी, वजनासाठी आणि भुकेसाठी. पोट चिप्सनी भरलं की पेज कोण खाणार? 'प्रक्रिया केलेलं' या शब्दालाही घाबरू नका. पदेराचा (पाववाल्याचा) पाव, सुकी सुंगटं (कोलंबी), सोलं, तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचं, या सगळ्यांवर प्रक्रिया झालेलीच असते. रंग, कृत्रिम चवी आणि कारखान्यातली मिश्रणं घालून केलेल्या पुड्यांशी त्यांची बरोबरी नाही. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचं खाणं विकू नये असा एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. पालकसभेत हा विषय काढा ना. त्यावर भांडायला मी तुमच्यासोबत येईन.

त्या मुलीची आई काल डॉक्टरांकडे जाऊन आली. क्रीम पुन्हा सुरू झालंय. दूध, अंडं, मासे घरी आपल्या मनाने नाही, तिथे तपासून एकेक सुरू करणार आहेत. पहिलं अंडं शुक्रवारी.