राजा पाहिजे? घटनात्मकच घ्या

परंपरावादी कॅथलिक मित्रांनो, तुम्हाला म्हणे लोकशाही नको, कॅथलिक राजा हवा. लॅटिन मिस्सा (चर्चमधली जुन्या पद्धतीची उपासना) सापडली, चर्चमध्ये बायकोच्या डोक्यावर जाळीचा रुमाल आला, आता उणीव फक्त राजाची. बरोबर आहे तुमचं. लोकशाही म्हणजे नुसती डोकी मोजणं. देवानं मोशेला काय मतदान घेऊन नेमलं होतं? पोप तेराव्या लिओंनी १८९२ मध्ये फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताकाशी जुळवून घ्यायला सांगितलं होतं, ते पत्र तेवढं वाचू नका. उगाच डोक्याला ताप.

राजा मात्र घटनात्मकच घ्या. अडचण आली की दोन दिवस काढून ठेवता येतो. बेल्जियमचे बोदवाँ महाराज बघा. माणूस पक्का श्रद्धाळू. १९९० मध्ये संसदेनं गर्भपाताचा कायदा मंजूर केला, तर महाराज म्हणाले, माझं मन सही करू देत नाही. आता आली का पंचाईत? छे! मंत्रिमंडळानं घटनेतलं ८२वं कलम शोधलं, महाराज राज्य करायला असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनी मिळून सह्या ठोकल्या आणि ५ एप्रिलला संसदेनं महाराजांना ठणठणीत ठरवून पुन्हा गादीवर बसवलं. हेच कलम त्यांच्या वडिलांनाही लागलं होतं, पण ते बिचारे जर्मनांच्या कैदेत होते. चिरंजीवांना घरबसल्या लाभलं! २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीपाशी गेले, संतपदाची प्रक्रिया सुरू करू म्हणाले. गर्भपाताची मुभा आहे तिथंच आहे.

लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकनी, म्हणजे तिथल्या राजांनी, २००८ मध्ये इच्छामरणाचा कायदा अडवला, तेव्हा त्यांना कोणी बोटही लावलं नाही. घटनेतला ‘मंजुरी देतात’ एवढा शब्द खोडला. स्पेनच्या राजांनी तसल्याच कायद्यावर २०२१ मध्ये मुकाट सही केली. पण त्यांच्या राणीला पोपमहाशयांसमोर पांढरा पोशाख घालायचा मान आहे! राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला मिळतो का?

एवढ्या लांब कशाला, जुन्या गोव्यालाच जाऊन या. पोर्तुगालच्या राजांना ‘परमश्रद्धावान’ ही पदवी खुद्द पोपनी दिलेली. त्याच घराण्यानं घटना स्वीकारली आणि १८३४ मध्ये मठ बंद केले; पुढच्याच वर्षी गोव्यातल्या संन्याशांनाही बाहेरची वाट दाखवली. त्यांच्यातल्याच काहींच्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याखाली उभे राहा आणि छाती भरून ‘राजा चिरायू होवो’ म्हणा. आवाज घुमेल अशी आशा नको. वरचं छत १८४२ मध्येच कोसळलंय.