सिमेंट नाही म्हणून बांध कच्चा?

‘मातीच्या बांधावर नुसते दगड रचलेत, सिमेंटचा ठिपका नाही. ठेकेदारानं पैसे खाल्ले. आता दगड निखळायला लागलेत, बांध फुटणार. सगळा काँक्रीटनं लिंपा, नाहीतर मुंबईसारखे टेट्रापॉड, ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाका.’ हिप्परगा तलावाचा फोटो लावून हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी सिमेंटचं बघू. पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडांमधल्या फटी मुद्दाम ठेवतात. लाट खडबडीत दगडांवर आपटते, फटींत शिरते आणि तिचा जोर तिथंच मोडतो. गुळगुळीत काँक्रीटवर तीच लाट बरीच वर चढते. खरा प्रश्न येतो पाणी उतरताना. उजनी (धरण) मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरतं, हे सोलापूरकराला शिकवायला नको. 2024च्या उन्हाळ्यात ती उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. तलाव झपाट्यानं उतरतो, पण भरावात मुरलेलं पाणी सावकाश पाझरतं. त्याची वाट सिमेंटनं बुजवली की ते अस्तराला आतून ढकलतं. शिवाय माती दबते. सुटे दगड तिच्याबरोबर खाली बसतात. काँक्रीट अधांतरी राहतं आणि खालची पोकळी तडा जाईपर्यंत कुणाला दिसत नाही.

पैसे खाल्ल्याचा संशय असेल तर दगडांखाली बघा. तिथं वाळू-खडीचा फिल्टर थर लागतो. तो नसेल तर प्रत्येक लाट फटींतून थोडी थोडी माती ओढून नेते. चोरी करायला ती सोयीची जागा, कारण वरून काहीच कळत नाही.

टेट्रापॉड? ते 1950 साली फ्रान्समध्ये निघाले, समुद्राच्या लाटांसाठी. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिला टिकणारा दगड साधारण आठपट जड लागतो. वारा किती लांब पाण्यावरून येतो त्यावर लाट वाढते, आणि मरीन ड्राइव्हसमोर अख्खा अरबी समुद्र आहे. 1871च्या हिप्परगा तलावाला आपला काळा पाषाण पुरतो.

दगड निखळतात ही तक्रार मात्र रास्त. एका खड्ड्यानं बांध लगेच फुटत नाही, पण फिल्टर उघडा पडला की लाट माती खायला लागते. पावसाळ्याआधी तो खड्डा भरलाच पाहिजे. पिचिंगमध्ये रुजलेली वेडी बाभूळही लहान असतानाच काढावी, कारण मुळं कुजली की पाण्याला आयता रस्ता मिळतो. फोटो काढायचाच तर त्या खड्ड्याचा काढा, जागा लिहा आणि पाटबंधारे खात्यात लेखी द्या.