‘वेबसाइट काढा, घरबसल्या ५० हजार कमवा’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सतत फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच: मराठीत वेबसाइट काढा, ३० लेख टाका, गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती लावा, दरमहा ५० हजार रुपये खात्यात. खाली कोर्सची लिंक. (ॲडसेन्स म्हणजे आपल्या वेबसाइटवर जाहिराती लावून त्यांच्या पैशांतला वाटा आपल्याला देणारी गूगलची सेवा.) शिकणारी मुलं, नोकरी सुटलेले तरुण, लहान मुलामुळे घरी थांबलेल्या बायका त्यावर पैसे भरतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘एक पैसाही लागत नाही.’ हे खरं आहे. ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर फुकट सुरुवात करता येते.

‘मराठी माणसं ८ कोटी, वाचकांना काय तोटा?’ २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते, आणि मराठी पानांवर ॲडसेन्स लावायची सोयही २०१८ सालीच झाली. पण जाहिरातदार लोकसंख्या बघून पैसे देत नाही. पान उघडतं त्या क्षणी त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. वाचणारा कुठे आहे, काय वाचतोय, काही विकत घ्यायच्या बेतात आहे का, यावर बोली ठरते. गृहकर्ज किंवा विम्याच्या पानावर ती चढते, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानावर पडते. तोच लेख नाशिकऐवजी न्यू जर्सीत वाचला गेला तर बहुधा जास्त पैसे मिळतात.

आता हिशेब करू. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ५० हजार म्हणजे साधारण ५८८ डॉलर. हजार वेळा पान उघडलं की एक डॉलर हाती पडतो असं समजू. मग महिन्याला ५ लाख ८८ हजार वेळा पान उघडायला हवं, म्हणजे रोज साडेएकोणीस हजारांवर. लेख ३० असतील तर प्रत्येक लेखाला रोज साडेसहाशे वाचक, तेही एक दिवस खंड न पडता. दर अर्ध्या डॉलरवर आला की हे सगळे आकडे दुप्पट.

‘एकदा लिहा, आयुष्यभर पैसे.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो सरकारी योजनांवर लिहिण्याचा. लाडकी बहीण योजना २०२४ साली आली आणि ‘हप्ता कधी जमा होणार?’ या मथळ्याची पानं जिकडेतिकडे उगवली. असं पान उघडून बघा. वर फोटो, मग जाहिरात, मग योजना म्हणजे काय याचे चार परिच्छेद, पुन्हा जाहिरात, ‘येथे क्लिक करा’ची हिरवी पट्टी, आणि तारीख शेवटपर्यंत नाहीच. दीड हजार रुपयांची वाट बघणारी बाई तिथे येते आणि उत्तर न मिळता परत जाते. ती पुन्हा कशाला येईल? ग्रुपमध्ये लिंक फिरते तेवढे एक-दोन दिवस गर्दी असते, मग सामसूम. वाचकासाठी काही नवं नसलेली पानं घाऊक काढणाऱ्यांवर गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एआयने तयार केलेली उत्तरं भारतातही शोधाच्या निकालात वरच दिसू लागली. उत्तर तिथेच मिळालं तर वेबसाइट उघडायची गरज उरत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास चढलेले जाहिरातींचे दर जानेवारीत उतरतात. त्यामुळे याला पगार समजून घराचा हप्ता बांधून घेणं धोक्याचं आहे.

‘सुरुवातीला नातेवाइकांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगा.’ अजिबात सांगू नका. असे क्लिक पकडले गेले की खातं बंद होऊ शकतं आणि साठलेली रक्कमही जाते. हा सल्ला शिळाही झालाय, कारण २०२४ पासून ॲडसेन्स मुळात जाहिरात दिसण्याचे पैसे देतं.

‘पैसे लगेच बँकेत.’ १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला पिन पोस्टाने येतो. १०० डॉलर पुरे होईपर्यंत काहीच मिळत नाही. छोट्या वेबसाइटला तिथवर पोचायला महिनोन् महिने लागतात. आणि हे उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, हे मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही.

जाहिरातींवर मराठीत टिकाऊ कमाई होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. त्यातून रुजलेल्या परंपरेतले कितीतरी अंक आजही जाहिरातींच्या आधारावर निघतात. त्या जाहिराती संपादक मंडळी सराफाकडे, सहकारी बँकेत, मसालेवाल्यांकडे स्वतः जाऊन आणतात. वेबसाइटलाही हेच करता येतं. समजा तुम्ही तासगाव-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी लिहिता: ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर डावणी रोगाची फवारणी कधी घ्यायची, भुरी रोग कसा ओळखायचा. दोन हजारच बागायतदार वाचतात, पण हंगामात रोज येतात. लिलावात या गर्दीला फारसा भाव नाही. फवारणी यंत्र विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानदाराला मात्र नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं. त्याच्याशी महिन्याचा दर तुम्ही ठरवता आणि मध्ये कुणाचा वाटा नसतो. मेहनत खूप आहे, पहिलं वर्ष रिकामं जाऊ शकतं, पण पुढच्या हंगामात तोच दुकानदार पुन्हा जाहिरात देण्याची शक्यता असते.

कोर्स घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी विकणाऱ्याकडे सलग बारा महिन्यांच्या ॲडसेन्स जमेचा तपशील मागा, एका महिन्याचा स्क्रीनशॉट नको. आणि त्याची स्वतःची कमाई जाहिरातींतून जास्त होते की कोर्सच्या फीतून, हेही विचारा.