डावा बूट, उजवा बूट

जीन्सच्या गुडघ्यांवरचा खडू दोन धुण्यांनंतरही गेलेला नाही. इंग्लंडातल्या डॉर्किंगजवळच्या टेकड्याच खडूच्या. चिमूटभर माती उचलली तरी बोटं मास्तरांसारखी होतात.

ऑगस्टातली गोष्ट. डेनबीजच्या उतारावर निळं फुलपाखरू दिसलं, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर ‘अ‍ॅडोनिस ब्लू!!’ म्हणून टाकला. सासऱ्यांचा अंगठाही आला.

तेवढ्यात पायाशी आवाज आला, “माफ करा, डावा बूट जरा उचलता का?”

गवतात एक आजोबा पालथे पडलेले. गुडघ्यांना माळीकामाचे पॅड, गळ्यात भिंग. “हॉर्सशू व्हेचच्या रोपावर आहे तो. अ‍ॅडोनिसची अळी दुसरं काही खात नाही.”

मी उचलला.

“उजवाही.”

आता दोन्ही उचलून माणसाने उभं कुठे राहायचं?

मग त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशा आवाजात म्हणाले, “कॉमन ब्लू. पंखांची पांढरी किनार बघा. अ‍ॅडोनिसच्या किनारीला काळ्या रेघा छेदतात.” अख्खं फुलपाखरू चार सेंटिमीटरच्या आत, त्याची किनार, तिच्यावर रेघा! आमच्या महाराष्ट्राचं ब्लू मॉरमॉन तळहाताएवढं असतं, बिनचष्म्याचं दिसतं. पण हे बोलणार कोणाला? आजोबा मुंग्यांवर पोचले होते. अळी गोड रस देते, मुंग्या तिची राखण करतात. मग ससे. १९५०च्या दशकात रोगाने ससे मेले, गवत माजलं, आखूड गवतावर जगणारं अ‍ॅडोनिस घटलं. सूर असा, की त्या कटात माझा डावा बूट सामील असावा.

“तो बघा खरा!”

खरा अ‍ॅडोनिस कुत्र्याच्या शीवर बसून क्षार चोखत होता. निळा मात्र असा, की पैठणीवाल्याने हात जोडावेत.

“वाका, अजून वाका.”

मी नाक वीतभर अंतरावर नेलं. मागून एक कुटुंब वाट वाकडी करून गेलं.

फुलपाखरावर राग नाही. कुत्र्याच्या मालकावर आहे. शी पिशवीत भरून पिशवी झुडपाला आकाशकंदिलासारखी टांगणारी जमात इथे आहे, आणि ऑफिसात ‘भारतात फार घाण असते ना?’ हे मला विचारतात.

ढग आला. अ‍ॅडोनिसने पंख मिटले; बाहेरून करडा-तपकिरी, ठिपक्यांचा. त्याच क्षणी कॅमेऱ्यावर माझं बोट दाबलं गेलं.

फोटो ग्रुपवर टाकला. सासऱ्यांनी लगेच फोन केला, “जावईबापू, प्रकृती बरी आहे ना?”