‘वारा असूनही पाण्यात उतरू दिले नाही’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला सविस्तर अभिप्राय वाचला. काईटसर्फिंगसाठीच्या तीन दिवसांच्या मुक्कामात सोसाट्याचा वारा असूनही पहिले दोन दिवस आम्ही आपणांस पाण्यात उतरू दिले नाही, तिसऱ्या दिवशी फार लहान काईट (फळीवरच्या माणसाला वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग) हाती दिला आणि छायाचित्रातल्या उथळ, सपाट पाण्याऐवजी आपणांस ओल्या वाळूतून बरेच अंतर चालावे लागले, असे आपले आक्षेप आहेत. शेवटचे दोन मला मान्य आहेत. पहिला मान्य नाही. परंतु त्यामागचे कारण त्या वेळी किनाऱ्यावर कोणी आपणांस नीट सांगितले नाही, म्हणून ते येथे लिहितो.

त्या दोन्ही दिवशी वारा बेटावरून समुद्राकडे जात होता. अशा वाऱ्यात काईट पाण्यात पडून पुन्हा उचलता आला नाही किंवा एखादी दोरी तुटली, तर माणूस किनाऱ्याकडे न येता खुल्या समुद्रात वाहत जातो. तोच वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित तिरपा आत येणारा असता, तर तशाच चुकीनंतर बहुधा पुळणीवरून चालत परत येण्याचे कष्ट तेवढे पडले असते. शिवाय मागच्या झाडांवरून येताना तो वारा फुटत होता आणि आमच्या वारामापकावर 14 ते 27 नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) दरम्यान वरखाली होत होता. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग जवळपास दुप्पट झाला की काईटची ओढ चौपटीच्या घरात जाते, तीही एका झोतात. नुकतेच शिकून आलेल्या व्यक्तीला त्या ओढीच्या हवाली करणे मला आजही योग्य वाटत नाही. आमच्याकडे बचाव नौका आहे हे खरे, पण ती अपघातासाठी आहे, परवानगी देण्याचे निमित्त म्हणून नाही.

‘मग दुसरे दोघे कसे खेळत होते?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. ते बेटाच्या पलीकडच्या अंगाला होते. इकडे समुद्राकडे जाणारा वारा तिकडे समुद्रावरून आत येतो. मात्र तेथे लाटा फुटतात, वाळूची पट्टी अरुंद आहे आणि तिच्यामागे लगेच खडक आहेत. ते दोघे अनुभवी होते आणि स्वतःचे साहित्य घेऊन आले होते.

तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र आमच्याकडे सबब नाही. 12-13 नॉटच्या वाऱ्यात 9 चौरस मीटरचा काईट मध्यम वजनाच्या माणसाला जेमतेम ओढतो. 12 चौरस मीटरचा काईट आपल्यासाठी राखून ठेवायला हवा होता, तो दुसऱ्याला दिला गेला. ‘सकाळपासून वारा’ हे आमच्या माहितीतले वाक्यही चुकीचे होते, कारण त्या हंगामात येथे खारे वारे समोरची मुख्य भूमी तापल्यावर, म्हणजे बहुधा दुपारनंतरच, जोर धरतात.

छायाचित्र पूर्ण भरतीचे होते. आपला मुक्काम पौर्णिमेला लागून होता. उधाणाच्या त्या दिवसांत भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि वाळूचा दांडा उघडा पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे चांगला वारा आणि पुरेसे पाणी यांची गाठ कोणत्या दिवशी पडेल याचा अंदाज आरक्षणाच्या वेळीच देता येतो. तो आम्ही दिला नाही.

तिन्ही दिवसांचे साहित्यभाडे आपल्या खात्यावर परत पाठवले आहे. चुकीचे वाक्य काढले असून भरतीच्या छायाचित्राशेजारी त्याच जागेचे ओहोटीचे छायाचित्र लावले आहे. पुन्हा येण्याचा विचार झाल्यास तारखा ठरवण्याआधी कळवावे. त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा मी स्वतः पाहून पाठवीन.

आपला,
केंद्रचालक